घरात इतका उजेड कधी होता?

गेल्या शनिवारी सकाळी जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो. (बायकोने सांगितलेलं काम खरं तर माळा साफ करण्याचं होतं. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची साफसफाईची व्याख्या जरा वेगळी असते.) तर त्या डिस्कवर एक फोल्डर सापडला - 'आजोळ_फायनल'. त्याच्या शेजारी 'आजोळ_फायनल_२'. आणि त्याच्याही खाली 'आजोळ_खरंच_फायनल'. ज्या माणसाने हे नामकरण केलंय तो दिवसभर ऑफिसात ज्युनिअर पोरांना व्हर्जन कंट्रोलचं महत्त्व समजावतो, हे कृपया बाहेर कुठे बोलू नका.

फोल्डर उघडला आणि पहिला फोटो स्क्रीनवर आला. खुर्ची आपोआप वीतभर मागे सरकली. इतका भडक!

फोटो होता आजोळच्या माजघराचा. २००८ च्या दिवाळीत काढलेला. गुहागरच्या अलीकडे एका वाडीत आईचं माहेर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, अंगण, पडवी, ओटी आणि मग माजघर. मामाने तेव्हा जाहीर करून टाकलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात घर उतरवायचं. वाशांना वाळवी लागली होती, दर पावसाळ्यात कौलं परतायला माणसं मिळत नव्हती. त्याचं काही चुकत नव्हतं. आणि मी नुकताच पगाराच्या जिवावर डीएसएलआर घेतला होता, तिवई घेतली होती, आणि मुख्य म्हणजे एचडीआर नावाचा किडा डोक्यात शिरला होता. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! दोन दिवसात घराचा कोपरा न् कोपरा टिपला. प्रत्येक जागेच्या तीन तीन फ्रेम.

पुण्यात परत आल्यावर रात्री जागून त्या सगळ्यांचं 'एचडीआर' केलं. ऑफिसात मेलवर पाठवले. 'सही!', 'कातिल!', 'अरे पेंटिंग वाटतंय!' अशी उत्तरं आली. आमची छाती दोन इंच फुगली. त्यातला हा माजघराचा फोटो बारा बाय अठरात छापून, फ्रेम करून आईला वाढदिवसाला दिला.

आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "छान आलाय रे. पण आपल्या घरात इतका उजेड कधी होता?"

मी तेव्हा तिला डायनॅमिक रेंज समजावून सांगितली. हो, खरंच सांगितली. कॅमेऱ्याला कसं कमी दिसतं, डोळ्याला कसं जास्त दिसतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं. ती फ्रेम हॉलमध्ये काही महिने होती, मग आतल्या खोलीत गेली, मग कपाटामागे. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तिचा प्रश्न किती बरोबर होता हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. आजचा लेख त्याबद्दल.

*

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (माहीत असलेल्यांनी चहा टाकून या.)

फोटोग्राफीत उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. म्हणजे दहा स्टॉपचा फरक म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४ पट. आपल्याला हे गणित झोपेतही येतं. आजोळच्या माजघराला खिडकी अशी नव्हतीच. छपरात एक काचेचं कौल बसवलेलं होतं, त्यातून सकाळी दहाच्या सुमारास उन्हाचा एक तिरका झोत खाली यायचा आणि सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडायचा. मी मीटर लावून बघितलं होतं, फाईलमध्ये अजून नोंद आहे. कवडशाला १/५०० सेकंद लागत होते आणि पलीकडच्या कोपऱ्याला २ सेकंद. हजार पट! एका क्लिकमध्ये माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्याला हे झेपणारं नव्हतं. कवडसा नीट घ्यावा तर बाकी घर काळंकुट्ट, घर घ्यावं तर कवडशाच्या जागी पांढरं भोक.

मग उपाय काय? तीन फोटो काढायचे. एक अंधारा, एक मधला, एक उजळ. मी १/१२५, १/३० आणि १/८ असे घेतले होते. मग सॉफ्टवेअर तिन्हीतून उपयोगी भाग घेऊन एकच फाईल बनवतं, ज्यात उजेडाची पूर्ण रेंज असते. हे झालं खरं एचडीआर. पण ही फाईल साध्या स्क्रीनवर किंवा कागदावर मावत नाही. म्हणून ती रेंज दाबून दाबून पेटीत बसवायची. त्याला म्हणतात टोन मॅपिंग. आपण ज्याला 'एचडीआर लुक' म्हणून नावं ठेवतो ते पाप बहुतेक वेळा या दुसऱ्या पायरीचं असतं. बिचारं एचडीआर फुकट बदनाम झालंय.

ही कल्पना काही नवी नाही. गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच प्रिंट बनवली होती. आपल्या संगणकी एचडीआरचा पाया म्हणता येईल असा पेपर १९९७ चा, पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा. यातले मलिक आयआयटी कानपूरचे. (आयआयटीवाले मित्र हे वाक्य दोनदा वाचतील, वाचू देत.) मग २००३ मध्ये फोटोमॅटिक्स आलं, २००५ मध्ये फोटोशॉपच्या सीएस टू मध्ये ही सोय आली, आणि जे काम आधी संशोधकांचं होतं ते माझ्यासारख्या रात्री दोनला जागणाऱ्या हौशी माणसाच्या हातात आलं. त्याच्या समोर पाच-सात स्लायडर होते आणि अडवायला कोणी नव्हतं.

*

आता त्या फोटोचं पोस्टमॉर्टेम करू. बग रिपोर्टच समजा.

पहिला बग. सगळीकडे सारखा उजेड. कवडशाजवळची जमीन, भिंत, कोपऱ्यातली उतरंड, माळ्याखालची सांदीकोपऱ्यातली जागा, सगळं एकाच पातळीवर. मंगल कार्यालयात ट्यूबलाईट लावल्यासारखं.

दुसरा बग. कवडशाभोवती एक काळपट कडं. याला हेलो म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेल एकटा बघत नाही, त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना करून ठरवतं की याला किती उचलायचं. कवडशाला लागून असलेल्या जमिनीचे शेजारी झगझगीत, म्हणून ती कमी उचलली गेली. तिथून हातभर लांबची जमीन मात्र भरपूर उचलली गेली. परिणाम, कवडशाला काजळ घातल्यासारखं दिसतं. डोंगर आणि आकाशाच्या फोटोत हेच उलटं होतं. डोंगरमाथ्याला आकाशाची पांढरी किनार येते, देवादिकांच्या कॅलेंडरात असते तशी.

तिसरा बग. रंग. निळीचा हात दिलेली चुन्याची भिंत चक्क जांभळी झालीय. शेणाने सारवलेली जमीन हिरवट-नारिंगी. तांब्याचा हंडा असा पेटलाय की हात लावला तर पोळेल.

चौथा बग. कोपऱ्यातला नॉईज. तो कोपरा माझ्या सर्वात उजळ फ्रेममध्येही चार स्टॉप कमी पडला होता. तिथे सेन्सरने फारसं काही टिपलंच नव्हतं. जे नव्हतं तेही मी ओढून वर आणलं, आणि त्यासोबत लाल-निळे ठिपके आले. सांदीत रंगपंचमी!

पाचवा बग मांजरीचा. तिन्ही फ्रेममध्ये ती वेगवेगळ्या जागी होती, त्यामुळे अंतिम फोटोत दोन अर्धी मांजरं आणि एक मोकाट शेपूट आहे. याचा दोष मात्र मी स्वतःकडे घेत नाही. मांजरीला तिवईवर बसवता येत नाही.

आणि हे सगळं असूनही ऑफिसात 'सही!' अशी मेल का आली? कारण सोपं आहे. भडक फोटो पटकन नजरेत भरतो. छोट्या थंबनेलमध्ये तर जास्तच. नजरेत भरणं आणि नजरेत राहणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

*

पण माझा मुख्य मुद्दा या पाच बगांचा नाही. ते सगळे फिक्स करता येतात. रेडियस वाढवा, सॅच्युरेशन उतरवा, नॉईज काढा, मांजर एकाच फ्रेममधून घ्या. मी पुढे दोन-तीन वर्षांत हे सगळं शिकलो. फोटो 'स्वच्छ' झाले. तरीही आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. कारण तिची तक्रार रंगांची नव्हतीच. तिची तक्रार होती की यात अंधार नाही.

इथे नेहमी एक युक्तिवाद होतो. मीही केला होता. "अहो, डोळ्याला कोपऱ्यातलं दिसतंच की! कॅमेऱ्यालाच दिसत नाही. मी फक्त डोळ्याला दिसलं ते परत आणलं." हे अर्धंच खरं आहे. माजघरात उभं राहिलात तर कोपऱ्यातली उतरंड दिसते, कबूल. पण कशी दिसते? आधी नजर कवडशावर जाते. मग कोपऱ्याकडे वळली की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू मडक्यांच्या कडा उमटतात. आणि त्या दिसल्या तरी आपल्याला पूर्ण वेळ माहीत असतं की ही जागा अंधारी आहे. डोळा तपशील देतो, पण अंधार काढून घेत नाही. माझ्या फोटोने तपशील दिला आणि त्याच्या बदल्यात अंधार काढून घेतला.

कवडसा हा शब्दच बघा ना. नुसत्या उजेडाला आपण कवडसा म्हणत नाही. भर दुपारी अंगणात कवडसा नसतो. अंधाऱ्या जागेत फटीतून आलेला उजेड म्हणजे कवडसा. आजूबाजूचा अंधार काढा, कवडसा मेला. उरतो तो जमिनीवरचा एक फिकट डाग. उन्हाच्या त्या झोतात धुळीचे कण तरंगायचे, लहानपणी आम्ही ते मुठीत पकडायचा खेळ खेळायचो. माझ्या फोटोत ते कण शोधून सापडत नाहीत. मागची भिंतच इतकी उजळलीय की त्यांना दिसायला जागाच उरली नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर अंधार हा मिसिंग डेटा नाही. अंधार हाही डेटाच आहे. नल आणि शून्य यात फरक असतो हे आपण मुलाखतीला आलेल्या पोरांना विचारतो, आणि घरी येऊन शॅडो स्लायडर शंभरावर नेतो!

एचडीआरवाले बऱ्याचदा अॅन्सेल अॅडम्सचं नाव पुढे करतात. तोही डार्करूममध्ये तासन् तास डॉजिंग-बर्निंग करायचाच, मग आम्ही केलं तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे. पण अॅडम्सचा १९४१ मध्ये काढलेला चंद्रोदयाचा प्रसिद्ध फोटो आठवा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावचा. त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढे अनेक वर्षं काढत राहिला, आणि नंतरनंतरच्या प्रिंटमध्ये त्याने आकाश आणखी गडद केलं. आणखी उजळ नाही, आणखी गडद! एडिटिंग वाईट असं मी म्हणतच नाही. अॅडम्सला आपल्याला काय दाखवायचंय ते माहीत होतं, आणि त्यासाठी कुठे काय लपवायचं तेही. मला फक्त स्लायडर कुठे संपतो ते माहीत होतं.

*

मग शिकलो कसा? एका रात्रीत नाही. कोणी गुरूही नव्हता. चुका करत, फोटो टाकून देत. जे हाती लागलं ते सांगतो. पटलं तर घ्या.

एक. क्लिक करायच्या आधी स्वतःला विचारायचं, 'इथे अंधार कुठे आहे आणि तो अंधारच राहायला हवा का?' हे आधी ठरलेलं असलं की घरी स्लायडरसमोर मोह कमी होतो. रिक्वायरमेंट न लिहिता कोड करायला बसलं की काय होतं ते आपण रोज बघतोच.

दोन. एचडीआर लागणार आहे का ते बघायचं. आजच्या चांगल्या सेन्सरला कमी आयएसओवर एकाच रॉ फाईलमध्ये चौदाच्या आसपास स्टॉप मिळतात. २००८ साली जिथे तीन फ्रेम घ्याव्या लागायच्या तिथे आता बऱ्याचदा एक पुरते. हिस्टोग्राम दोन्ही टोकांना आपटत नसेल तर तिवई गाडीतच राहू द्या. लागणारच असेल तर रॉ, स्थिर कॅमेरा, अॅपर्चर तेच, फोकस तोच, बदलेल तो फक्त शटर.

तीन. उजेडाचा क्रम मोडायचा नाही. हा माझा सर्वात लाडका नियम. पाहिजे तितकी रेंज दाबा, पण जे सर्वात उजळ होतं ते सर्वात उजळच राहिलं पाहिजे. खिडकीपेक्षा भिंत उजळ दिसली की चूक. तळ्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा उजळ दिसलं की चूक. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याला कुठेतरी खुपतं. आमच्या मातोश्रींना खुपलं होतं तसंच.

चार. फोटोत कुठेतरी खरं काळं असलंच पाहिजे. राखाडी नव्हे, काळं. सगळ्या सावल्या उचलल्या की फोटो धुतलेल्या पाटीसारखा दिसतो, मग तो दोष झाकायला आपण कॉन्ट्रास्ट वाढवतो, मग रंग भडकतात, मग... कळलं ना? एका बगवर पॅच, त्या पॅचवर पॅच.

पाच. जमेल तिथे सगळ्या फोटोवर एकदम टोन मॅपिंग न करता हाताने काम करायचं. मधली फ्रेम मूळ धरायची, अंधाऱ्या फ्रेममधून फक्त खिडकी किंवा कवडसा मास्क करून आणायचा. वेळ लागतो. पण प्रत्येक जागी आपण निर्णय घेतो, सॉफ्टवेअर घेत नाही. तितका वेळ नसेल तर एक्स्पोजर फ्यूजन वापरा. २००७ च्या एका पेपरमधून आलेली ही पद्धत. यात मधली ती अवाढव्य फाईल बनतच नाही, तिन्ही फोटोंतले चांगले भाग थेट एकमेकांत मिसळले जातात. निकाल बऱ्यापैकी समंजस येतो.

सहा. रात्री केलेलं एडिटिंग सकाळी बघायचं. आमटी ढवळता ढवळता दहा वेळा चाखली की जिभेला मीठ कळेनासं होतं, डोळ्याचंही तेच. तासभर भडक रंग बघितले की तेच साधे वाटू लागतात. म्हणून सकाळी, चहा घेऊन, मधल्या मूळ फ्रेमच्या शेजारी ठेवून बघायचं. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा स्लायडर निम्म्यावर येतो. उरलेल्या दोन वेळा शून्यावर.

आणि सात. याला नियम म्हणणार नाही, पश्चात्ताप म्हणेन. मूळ रॉ फाईल कधीही उडवू नका. माझी डिस्क तेव्हा ऐंशी जीबीची होती आणि एचडीआर झाल्यावर मला वाटलं, आता या तीन तीन फ्रेम कशाला? घराच्या चाळीसेक जागा टिपल्या होत्या. त्यातल्या फक्त सात जागांच्या रॉ शिल्लक आहेत. देवघराची नाही. झोपाळ्याची नाही. परसातल्या विहिरीची नाही. त्यांचे फक्त ते रंगपंचमीवाले जेपेग उरलेत. एक्झी ठेवली आणि सोर्स कोड उडवला! असं काम ऑफिसात केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बॉसने चहाला एकट्याला बोलावलं असतं.

मे २००९ मध्ये घर उतरवलं. त्या जागी आता चांगलं स्लॅबचं घर आहे, मोठ्या खिडक्यांचं. मामा-मामी सुखात आहेत. पण देवघराचा परत फोटो काढता येणार नाही.

*

तुम्ही म्हणाल, हे सगळं कॅमेरावाल्यांचं झालं, आम्ही तर मोबाईलवर काढतो. मंडळी, मग तर तुम्हाला हे जास्त लागू आहे! आम्ही निदान स्वतःच्या हाताने फोटो बिघडवायचो. आयफोनमध्ये एचडीआर आलं २०१० मध्ये, तेव्हा ते एक बटण होतं. हवं तर दाबा. आज बहुतेक फोन न विचारता अनेक फ्रेम घेतात, जोडतात, सावल्या उचलतात आणि तयार फोटो हातात देतात. यामागचं इंजिनिअरिंग अफाट आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. हातात धरलेल्या, हलणाऱ्या फोनवर, सेकंदाच्या आत हे करायचं म्हणजे चेष्टा नाही. पण 'किती उजेड हवा' हा निर्णय लाखो लोकांच्या वतीने एकदाच कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. त्याला तुमचं माजघर माहीत नसतं.

या दिवाळीत एक प्रयोग करा. दारातल्या पणतीचा फोटो काढा. फोन बहुधा रात्रीची संध्याकाळ करून देईल. भिंतीचा रंग, कुंडी, चपलांचा स्टँड, सगळं स्वच्छ दिसेल, आणि पणती शोकेसमधल्या वस्तूसारखी. आता पणतीच्या ज्योतीवर बोट टेकवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. चपला अंधारात जाईपर्यंत ओढा. मग काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. दिवाळी कुठल्या फोटोत आहे ते मी सांगायला नको.

आता एचडीआरला दुसराही अर्थ आलाय, एचडीआर स्क्रीन. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर नावाचे फोटो आलेत. यात फोटोसोबत एक नकाशा साठवलेला असतो, कुठला भाग किती जास्त उजळवायचा त्याचा. म्हणजे जुन्या एचडीआरच्या बरोब्बर उलटं. रेंज दाबून पेटीत बसवायची नाही, पेटीच मोठी करायची. मला याचं मनापासून कौतुक आहे. कोपरा अंधारा ठेवून कवडसा खरोखर चमकवता येईल! पण आत्ताच काही फोटो असे येतात की मोबाईल डोळ्यापासून लांब धरावा लागतो. साधन नवीन, खोड जुनी. अति तिथे माती.

आमच्या टीममधला एक जण परवा म्हणाला, "लोकांना तसेच आवडतात, मग काय हरकत?" काही हरकत नाही. कोणी रंगांची उधळण करून चित्रासारखं काही करत असेल तर ती त्याची कला, मी तिथे पोलीस नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते ठरवून केलेलं असावं. स्लायडर होता म्हणून नव्हे. आणि जे फोटो आठवण म्हणून ठेवायचेत, ज्या जागा, जी माणसं उद्या नसणार आहेत, तिथे तरी हात आखडता घ्यावा. कारण पंधरा-वीस वर्षांनी तो फोटोच तुमची आठवण होऊन बसतो. मला आता देवघराची भिंत डोळ्यासमोर आणायची म्हटली की ती जांभळीच दिसते. ती जांभळी नव्हती, हे मला माहीत आहे. पण दिसते जांभळीच.

*

असो. तर शनिवारी माळा तसाच राहिला. माजघराच्या तिन्ही रॉ उघडल्या. ती त्या सातात होती, नशीब. मधली फ्रेम मूळ धरली. १/१२५ च्या फ्रेममधून फक्त कवडसा आणि झोत आणला. भिंत अर्धा स्टॉप खाली घेतली, हो, खाली. कोपरा जसा होता तसा सोडला. मांजर एकच ठेवली, अख्खी. अर्ध्या तासाचं काम. रविवारी सकाळी चहा घेऊन परत बघितला आणि भिंत आणखी थोडी खाली घेतली. झोतातले धुळीचे कण दिसायला लागले.

दुपारी आई आली होती. लॅपटॉप समोर ठेवला, काही बोललो नाही. डायनॅमिक रेंज वगैरे तर अजिबात नाही. तिने चष्मा लावला. बघत राहिली. मग स्क्रीनवरच्या अगदी काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे खरोखर काही म्हणजे काहीच दिसत नाहीये, आणि म्हणाली, "इथे आजीचं जातं होतं. पहाटे दळायची. तू झोपलेला असायचास."

मी नंतर जुना फोटो काढून बघितला. त्यात जातं आहे. लख्ख दिसतंय, खुंट्यासकट, लाल-निळ्या ठिपक्यांमध्ये. इतकी वर्षं फ्रेममध्ये होतं, पण त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती.

नवीन प्रिंट टाकलीय, बारा बाय अठराच. फ्रेम जुनीच वापरणार आहे, कपाटामागून काढून. माळा पुढच्या शनिवारी.